घोडमारे डॉक्टरांचा ओवा

घोडमारे डॉक्टर पंगतीत शेजारी बसले की भल्याभल्यांची भूक मरायची. कंपनीतल्या कुणाचं लग्न असो, ताटात कोंबडी आली की हे गृहस्थ तंगडीचं हाड स्वच्छ करून दिव्याकडे धरायचे, बोटांनी जरासं वाकवून बघायचे आणि हवापाण्याचं बोलावं इतक्या सहज सांगायचे, "हिचं पोट सारखं बिघडत होतं. औषधावर उभं केलं बिचारीला." शेजारचा माणूस घास हातात धरून बसायचा. डॉक्टर मात्र आणखी दोन तुकडे वाढून घ्यायचे. एवढं सगळं दिसतं तर खाता कसे, असं मी एकदा विचारलंच. "खातो म्हणून तर काळजी करतो जी," ते म्हणाले. "न खाणाऱ्याला काय फरक पडते?"

हा टोला मला होता. मी केळकर, जन्मात कोंबडी न चाखलेली बाई, आणि उभी नोकरी केली ती कोंबड्यांचं खाद्य बनवणाऱ्या कारखान्यात. कर्वेनगरहून कंपनीच्या बसने नगर रस्त्याला वाघोलीपर्यंत जायचं आणि दिवसभर पेंडीतली प्रथिनं आणि मक्यातली ओल मोजायची. शेजारच्या खोलीत घोडमारे डॉक्टर. ते गुरांचे डॉक्टर, वर्ध्याकडचे. पुण्यात इतकी वर्षं राहूनही त्यांची भाषा काही पुण्याची झाली नाही आणि पुणेकरांनी त्यांना ते विसरूही दिलं नाही. त्यांच्या खोलीत जंतू होते. आमच्या मध्ये एक काचेचं दार होतं आणि त्या दारावर ते नखाने टकटक करायचे. टकटक ऐकली की मी जागेवरून सावकाशच उठायचे, कारण चांगली बातमी द्यायला त्यांनी मला कधी बोलावलं नाही.

ते दाखवायचे ती एक काचेची उथळ बशी. आमचं खाद्य घेणाऱ्या शेडमधल्या कोंबड्यांच्या विष्ठेतले जंतू तिच्यात वाढवायचे आणि मधोमध औषध लावलेली कागदाची टिकली ठेवायची. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल जागा राहते. या गोलाला डॉक्टर अंगण म्हणायचे. कंपासपेटीतली पट्टी घेऊन ते अंगण मोजायचे आणि बशी खिडकीशी धरून बघत राहायचे.

"केळकर मॅडम, याच शेडचं मागच्या वर्षीचं अंगण आठवते का?"

"मोठं होतं."

"आता पाहा. जंतू टिकलीला चिकटून राहिले."

ते दिवस भरभराटीचे होते. बाजार खुला झाला होता, खराडीच्या माळावर काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या, पोरांच्या हातात बापाच्या स्वप्नातही न आलेले पगार पडत होते आणि रविवारची कोंबडी बुधवारीही शिजत होती. एवढ्या कोंबड्या वाढवायच्या तर दाटीवाटीनेच वाढवाव्या लागणार. त्या दाटीत पक्षी आजारी पडू नयेत आणि लवकर भरावेत म्हणून आजार असो नसो, रोजच्या खाद्यात चिमूट चिमूट अँटिबायोटिक घालायची सगळ्यांचीच पद्धत होती. यात कुणी काही चोरून करत नव्हतं. मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. माझ्या लेखी ती एक पांढरी पूड होती.

डॉक्टरांच्या लेखी ती काय होती हे मला गोदामात कळलं. नव्या औषधाचे डबे आले होते आणि आम्ही दोघं नमुना घ्यायला गेलो होतो. डॉक्टरांनी झाकणावरचं नाव वाचलं आणि हातातला चमचा तसाच धरून उभे राहिले. मग खाली पोत्यावर बसले. मला वाटलं चक्कर आली. त्यांनी मला त्यांच्या मुलीची, मधुराची, हकिगत सांगितली. ती दिवस भरायच्या आधी जन्मली आणि तिच्या रक्तात जंतू गेले. एकेक औषध हरत गेलं. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी एका औषधाचं नाव लिहून दिलं आणि सांगितलं की याच्यापुढे आमच्याकडे काही नाही. घोडमारे त्या एका बाटलीसाठी सायकलवर सगळी पेठ पालथी घालत फिरले. बाटली मिळाली. पोरगी वाचली.

"तेच आहे हे," ते डब्याकडे बघत म्हणाले. "मी थेंब थेंब मोजताना पाहिलं होतं नर्सला. इथे फावड्याने घालून राहिले बाप्पा."

मधुरा तेव्हा शाळेत होती. दोन वेण्यांची, भारी बडबडी. कंपनीच्या स्नेहसंमेलनात तिने माझ्या मांडीवर बसून अख्खी बर्फी संपवली होती. त्या दिवसापासून मलाही त्या पांढऱ्या पुडीकडे सरळ बघवेनासं झालं.

त्यानंतर डॉक्टरांनी ओव्याचा ध्यास घेतला. ओवा, लसूण, दालचिनी, त्यांची तेलं, त्यांचे अर्क. तिकडे युरोपात खाद्यात रोज औषध घालायला बंदी येऊ घातल्याच्या बातम्या होत्या, त्यामुळे मालकांचे चिरंजीव निखिल यांनीही उत्साहाने परवानगी दिली. परदेशात शिकून आलेले, हसतमुख, बोलण्यात निम्मं इंग्रजी. त्यांना बाजार दिसत होता आणि डॉक्टरांना आणखी काही. आमच्या मजल्यावर पाऊल टाकलं की ही प्रयोगशाळा आहे की बाळंतिणीची खोली, असं वाटायचं. माझ्या साड्यांना लसणाचा वास बसला. घरी सासूबाईंनी मला सरळ विचारलं की कारखान्यात नक्की काय काम करतेस.

डॉक्टरांच्या शर्टाच्या खिशात कायम भाजलेला ओवा असायचा. समोर कुणीही आला की आधी त्याच्या तळहातावर ओवा, मग बोलणं. बँकेचा माणूस असो नाहीतर बसचा ड्रायव्हर. आणि ओव्याची कुणी फार स्तुती केली की मात्र रागवायचे. निखिल एकदा म्हणाले, "डॉक्टर, this will replace antibiotics, आपण तसंच लिहू."

"नाही जी. ओव्याने आजार बरा होत नाही. पोट चांगलं राहते, म्हणून आजार कमी येते. शेड स्वच्छ पाहिजे, पाणी स्वच्छ पाहिजे, पक्षी कमी पाहिजे. तेव्हा कुठे ओवा काम करते. आणि तरी आजार आलाच तर औषध द्यावंच लागते. फक्त तोवर ते कपाटात राहिलं पाहिजे."

"इतकं कोण वाचणार?" निखिल हसून म्हणाले.

पहिल्या चाचण्यांचे निकाल आले आणि आम्ही थक्क झालो. ओव्याच्या खाद्यावरचे पक्षी औषधाच्या खाद्यावरच्या पक्ष्यांइतकेच भरले होते आणि मरतूक जवळपास नव्हतीच. तीही गच्च भरलेल्या, घाणेरड्या शेडमध्ये. कंपनीत पेढे वाटले. डॉक्टरांनी पेढा खाल्ला, पण चेहरा खुलला नाही. दारावर टकटक झाली.

"मॅडम, एवढं चांगलं नको होतं."

"अहो, यश आलं तरी तुमचं रडगाणं आहेच का?"

"स्वच्छ शेडमध्ये चाललं असतं तर नाचलो असतो. घाणीत कसं चाललं?"

मी त्यांना त्या दिवशी चांगलंच झापलं. वर्ध्याच्या माणसाला सुख सोसत नाही असंही म्हणाले. पुढे आमची दुसरी, नवी गिरणी सुरू झाली. सगळं आपोआप चालणारी, बाहेरून आणलेली. तिथून निघालेलं ओव्याचं खाद्य खाऊन पक्षी मरायला लागले. ओवा तोच, मका तोच, प्रमाण तेच. निखिलनी ओव्याच्या व्यापाऱ्याला धारेवर धरलं. डॉक्टरांनी मात्र दोन्ही गिरण्यांचं खाद्य आणवून त्यांचे अर्क काढले आणि बशीत टाकले. नव्या खाद्याभोवती अंगण जवळपास नव्हतंच. जुन्या खाद्याभोवती ऐसपैस पडलं होतं.

"ओव्याला एवढं अंगण पडत नाही," एवढंच ते बोलले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या गिरणीत जाऊन एका उलट्या बादलीवर बसले. मीही गेले, कारण एकट्याने बसलेला हा माणूस मला बघवेना.

जुन्या गिरणीचं मशीन बबन चालवायचा. जवळच्याच गावातला, नेकीचा माणूस. त्याची शिस्त कडक होती. सकाळी आधी औषधाचं खाद्य, नंतर ओव्याचं. मधे मशीनच्या पोटात औषध राहू नये म्हणून नियमाप्रमाणे साधा मका भरडून फिरवायचा, म्हणजे चिकटलेली पूड त्याच्याबरोबर निघून येते. बबनने तो मका फिरवला, काढला, पोत्यात भरला. सगळं अगदी नियमाप्रमाणे. मग ओव्याचं खाद्य सुरू केलं आणि ते पोतं उचलून त्याच्यातच रिकामं केलं.

डॉक्टर बादलीवरून उठलेच नाहीत. बसल्या बसल्या विचारलं, "बबन, हा मका त्याच्यात काहून टाकला?"

"मग काय उकिरड्यावर टाकू व्हय साहेब? सोन्यासारका मका हाय. अन्न हाय ते. म्या एक दाना वाया जाऊ देत न्हाई." आणि त्याने रिकामं पोतं झटकून कपाळाला लावलं. "दुसऱ्या कशात टाकलं तर तुमी वरडाल. ह्ये आपलं झाडपाल्याचं, ह्येच्यात चालतंय म्हनलं."

म्हणजे आमचा ओवा ज्याच्या जोरावर जिंकला, ते डब्यातलं नवं औषधच होतं; नव्या गिरणीत मका परत टाकायला बबन नव्हता. मशीन पुसलेल्या मक्यातून, चिमटीचीही चिमटी होऊन ते ओव्यात जात होतं. डॉक्टर मला नंतर म्हणाले की हे सगळ्यात वाईट. भरपूर औषध दिलं तर जंतू निदान मरतात. इतकं थोडं दिलं की मरत नाहीत, शिकतात. त्यांनी बबनला बोल लावला नाही. जाताना त्याच्या तळहातावर ओवा ठेवला आणि उद्यापासून तो मका वेगळा काढायला सांगितला. मला मात्र त्या गिरणीत तेच आठवत होतं, की पेढे वाटून झाले होते आणि खाद्य जिल्हाभर गेलं होतं.

निखिल सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "Okay. पण हे बाहेर बोलायची गरज आहे का?" डॉक्टरांना ती गरज होती. कोंबडीपालकांचा मेळावा ठरलेलाच होता, एका मंगल कार्यालयात, जेवणासकट. निखिलचं भाषण झालं आणि डॉक्टर उठून माइकपाशी गेले. त्यांनी झालं ते सरळ सांगितलं. चाचण्या खोट्या ठरल्या, चूक आमची, ओवा एकट्याने हे करू शकत नाही, पक्षी कमी करा, शेड साफ करा, माझ्यावर विसंबू नका. मी मागच्या रांगेत देवाचा धावा करत होते की आता लोक यांना मारणार.

कुणी मारलं नाही. मग पुढच्या रांगेतले एक बागायतदार, मोठ्या शेडचे मालक, फेटा सावरत उठले.

"डॉक्टर, तुमी खरं बोलला, मानलं आपन तुमाला. पन आता येवढं सांगा, त्या जुन्या गिरनीचं खाद्य अजून मिळतंय का? आमाला त्येच पायजे."

आणि टाळ्या पडल्या. लोक खरंच खूश झाले होते. पोत्यावर ओव्याचं चित्र, आत जुनी खात्री, आणखी काय हवं? निखिलना काही करायचीही गरज राहिली नाही. ते फक्त डॉक्टरांकडे बघून खांदे उडवून हसले. डॉक्टर माइकपाशी तोंड उघडं टाकून उभे होते. त्यांना शिव्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. मला त्या टाळ्यांची भीती वाटली.

आठवडाभरात जुनी गिरणी पुन्हा जोरात सुरू झाली आणि वेगळा काढलेला मका पुन्हा ओव्यात पडायला लागला. या वेळी चुकून नव्हे. डॉक्टरांनी राजीनामा दिला. सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले, तिथे त्यांना चहा मिळाला. मग वाघोलीच्या पुढे एक तुकडा जमीन भाड्याने घेऊन त्यांनी स्वतःची छोटी शेड घातली.

पुढची वर्षं त्यांची चांगली गेली म्हणायची. पक्षी मोजके, जमिनीवर भरपूर भुस्सा, उकळून गार केलेलं पाणी, शेडमध्ये जायच्या चपला वेगळ्या. खाद्य स्वतः कालवायचे, ओवा-लसूण घालून, हाताने. औषधाचा कण नाही. मरतूक फार कमी. मी निवृत्त झाल्यावर कधीमधी बसने जायचे. कोंबडी खात नसले तरी गप्पा खायला. खराडीच्या काचेच्या इमारतींतली पोरंपोरी शनिवारी गाड्या घेऊन यायची आणि "केमिकल-फ्री" म्हणत अंडी-कोंबड्या न्यायची. डॉक्टर त्यांना ओवा द्यायचे आणि वर शेड धुण्यावर व्याख्यान. आयुष्यात त्यांना एवढंच सिद्ध करायचं होतं, की रोज औषध न घालता पक्षी वाढतात, म्हणजे औषध माणसाच्या लेकरांसाठी शिल्लक राहील. ते सिद्ध होत होतं. ते हसायला लागले होते, मी प्रथमच बघत होते. एकदा तर माझ्याच साडीवरून त्यांनी माझी चेष्टा केली.

मग शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर एक मोठी शेड उभी राहिली. तिथे येणाऱ्या पोत्यांवर ओव्याचं चित्र होतं. आमचंच. तिथलं खत पावसाच्या पाण्याबरोबर उताराने डॉक्टरांच्या विहिरीकडे यायचं. त्यांनी चर खणला, बांध घातला, शेजाऱ्याशी भांडलेसुद्धा. "अहो काका, हर्बल आहे आमचं पण, घाबरता काय?" असं उत्तर मिळालं.

त्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "येऊन जा मॅडम." बाकी काही नाही. मी शनिवारी गेले. फाटकातच मला थांबवून त्यांनी चपला बदलायला लावल्या आणि झाडाखाली बसवलं. शेडमधून नेहमीचा कलकलाट येत नव्हता.

"आजार शिरला," ते म्हणाले. "होते असं. मी काही साधू नाही, आजाऱ्याला औषध द्यावंच लागते. आधी साधं दिलं. लागलं नाही. दुसरं दिलं. मग ते आणलं." ते म्हणजे मधुराचं औषध, हे मला विचारावं लागलं नाही. "शरम वाटली आणताना. पण वाटलं, माझ्या पक्ष्यांनी हे जन्मात चाखलं नाही, एका दिवसात उठतील."

"मग?"

त्यांनी घरातून एक बशी आणली. झाकण चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद केलं होतं. टिकली होती, आणि तिच्या कडेपर्यंत, तिच्यावर चढू बघणारे, दाट पांढुरके जंतू. अंगण नव्हतंच. मी बशी हातात घ्यायला गेले तर त्यांनी ती मागे घेतली.

"जिथे औषधाचा कण गेला नाही तिथे हे आहे मॅडम. पाण्यातून आलं, वाऱ्याने आलं, पिल्लांबरोबर आलं, काय माहीत. मी कपाटाला कुलूप लावून बसलो होतो. कपाटात आता काहीच नाही."

ते रडले नाहीत. मला रडू आलं. उरलेले पक्षी त्यांनी संध्याकाळी स्वतः मारून चुन्यात पुरायचे ठरवले होते. खड्डा मागे खणून तयार होता.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. शनिवारची गिऱ्हाइकं. डॉक्टर तिथे गेले आणि मीही मागे गेले. एकेका गाडीला ते सांगत होते, आज काही नाही, पुढेही नाही, माझे पक्षी आजारी आहेत. लोक हळहळले, कुणी शेजारच्या शेडकडे बघितलं आणि गाडी तिकडे वळवली. शेवटी एक तरुण जोडपं उतरलं. मुलीच्या कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ, लोकरीच्या टोपड्यातलं, जागं, गोड.

"काका, अंडी नसली तरी it's okay. फक्त याला कोंबड्या दाखवू का? Just two minutes." आणि ती फाटकाची कडी काढून आत आलीसुद्धा. बाळाने डॉक्टरांच्या पांढऱ्या मिशीकडे बघून दोन्ही हात पुढे केले.

"आत आणू नका त्याला!"

इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. मुलगी दचकून जागच्या जागी थांबली, नवरा चिडून पुढे आला. "अहो, नीट सांगता येत नाही का?" डॉक्टरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि बाळावरची नजर न काढता ते मागे सरकायला लागले. बाळ त्यांच्याकडे झेपावत होतं आणि ते सरकत होते, शेडच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत. "न्या जी त्याला," ते हळू आवाजात म्हणाले. "घरी जाऊन हात धुवा त्याचे. कपडेही बदला. न्या."

मी जाऊन फाटक लावून घेतलं. गाडी वळून नगर रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली, तरी डॉक्टर भिंतीला टेकून तसेच उभे होते आणि त्यांनी हात पाठीमागून पुढे आणले नव्हते.